ठसका

माझं कामच मोजायचं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर, समोर गेज आणि मालाचे ट्रे. दोन शतांश मिलिमीटर जास्त निघाले म्हणून अख्खी बॅच परत पाठवलीय आणि वर शिव्याही खाल्ल्यात. त्यामुळे हार्टचं ऑपरेशन करून पोरगी घरी आली आणि ‘वजनावर लक्ष ठेवा’ असं डिस्चार्जच्या वेळी सांगण्यात आलं, तेव्हा ते खातं न बोलता माझ्याकडे आलं. दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने पाडले. तारीख, वेळ, किती एमएल, किती मिनिटं, उलटी, शी, शू, वजन, शेरा. आवाजाचा रकाना काही त्या वहीत नव्हता.

छकुली (घरातलं नाव, तेच इथे चालवतो) ऑगस्टमध्ये झाली, २.७ किलोची. दीड महिन्याच्या डोसाला नेली तर डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवर जरा जास्तच वेळ ठेवला. आमच्याकडेही एखादा इन्स्पेक्टर एकाच नगावर रेंगाळला की बाकीचे मान वर करून बघतात. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, म्हणजे व्हीएसडी. शिवाय पोटात असताना लागणारी आणि जन्मल्यावर आपोआप मिटणारी एक रक्तवाहिनी, पीडीए, तीही उघडीच. फुप्फुसांकडे गरजेपेक्षा भरमसाट रक्त जात होतं आणि पोरगी नुसता श्वास घेण्यातच दमत होती.

आधी औषधं, थोडं वजन वाढू द्या, मग ऑपरेशन, असं ठरलं. अंगातलं जादा पाणी उतरवणारं लॅसिक्स सुरू झालं. पण वजन वाढत नव्हतं ते त्या आजारामुळेच, हे कोणाला सांगायचं? डिसेंबर आला. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर, आम्ही सिडकोतल्या दोन खोल्यांत कानटोप्या घालून बसलेलो, आणि दूध पिताना पोरीच्या कपाळावर घामाचे थेंब. चार घोट प्यायची, सोडायची, धापा टाकायची, पुन्हा धरायची. पाचव्या महिन्यात वजन ४.२१ किलो. या वयाच्या मुलीचं मधलं वजन तक्त्यावर ६.९ असतं. आमचा ठिपका सगळ्यात खालच्या रेघेच्याही खाली, कोऱ्या कागदात पडायचा.

केशरी कार्डावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून मंजुरी मिळाली आणि जानेवारीत मुंबईला ऑपरेशन झालं. छिद्राला पॅच लावला, ती उघडी वाहिनी बांधली. त्या तेरा दिवसांवर कधीतरी वेगळं लिहीन. इथे विषय त्यानंतरचा.

निघताना वजन केलं तर ३.९४. मी सिस्टरना म्हणालो, काटा तपासून घ्या, येताना पोरगी ४.२१ होती. त्या हसल्या. म्हणाल्या, “अहो, आधीच्या वजनात अंगात साठलेलं पाणी होतं. ते उतरलं. हे आत्ताचं खरं वजन.” म्हणजे इतके दिवस आम्ही डब्यासकट माल मोजत होतो. हे पटलं. आमच्या पुढ्यात मात्र पावणेतीनशे ग्रॅमचा खड्डा घेऊनच आम्ही घाट चढलो. कसाऱ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेऊन बायकोने पाजायला घेतलं. तीस एमएलला चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.

घरी आल्यावर जो तो एकच म्हणायचा, “झालं ना ऑपरेशन? आता बघा महिन्यात कशी गुबगुबीत होते.” आम्हालाही तेच वाटत होतं. बादलीचं भोक बुजवलं की पाणी चढणारच, असा सरळ हिशेब. घाम थांबला होता, ओठांचा रंग सुधारला होता, श्वासही पूर्वीपेक्षा संथ. फॉलोअपच्या इकोत पॅच घट्ट बसलेला. रक्तात हिमोग्लोबिन ठीक, लघवीत इन्फेक्शन नाही. सगळे रिपोर्ट पास आणि पोरगी नापास.

हिशेब तसा सोपा होता. आईच्या दुधात शंभर एमएलला साधारण ६७ कॅलरी असतात. चार किलोच्या पोरीला दिवसाला आठ वेळा सत्तर, म्हणजे ५६० एमएल. यातून मिळतात पावणेचारशे कॅलरी, किलोमागे ९४. साध्या बाळाला एवढ्यात भागतं, पण हृदयाच्या बाळांना किलोमागे १२० ते १५० लागतात आणि पातळ पदार्थ भरमसाट देऊन चालत नाही. म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी काढलेल्या दुधात पावडर आणि एमसीटी, म्हणजे लवकर पचणारं, तेल मापाने घालायला दिलं, एक एमएलला एक कॅलरी होईल असं. हे तेल नारळापासूनही काढतात असं कळल्यावर सासूबाई फोनवर म्हणाल्या, “मग घरचं घाण्याचं खोबरेलच घाला की, स्वस्तात पडेल.” तसं चालत नाही, त्यातला ठराविक भागच वेगळा काढलेला असतो, हे मी त्यांना समजावलं आणि स्वतः मात्र पुढे त्याहून मोठा गाढवपणा केला. तो येतोच.

कागदावर ५६० बसत होते. पोटात जात नव्हते.

संध्याकाळी सहाचं फीड डोळ्यांसमोर आहे. बायको भिंतीला पाठ लावून बसलेली, डावा पाय उंच करून त्यावर उशी. टाके अजून ओले म्हणून पोरीला काखेत धरून उचलायचं नाही, मानेखाली आणि ढुंगणाखाली हात घालून, पोळी तव्यावरून उलथन्याने उचलावी तसं उचलायचं. बाटलीचं झाकण काढताना ‘टक्’ आवाज होतो. त्या आवाजालाच छकुलीचं तोंड वाकडं व्हायला लागलेलं. पहिले पंधरा-वीस एमएल भुकेपोटी भराभर जायचे. मग घशात काहीतरी घुरघुरायचं, हुक्का ओढल्यासारखं. मग ठसका. मग डोळ्यांत पाणी, धनुष्यासारखी पाठ मागे, ओठ घट्ट. दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळ्याच्या वळ्यांत उतरायचं आणि बायको तिथे मलमलचं फडकं धरून बसायची. दहा मिनिटं फिरवून पुन्हा. पुन्हा ठसका. पन्नास मिनिटांनी बाटलीच्या रेघा बघायच्या: पस्तीस. त्यातले किती फडक्यात गेले ते वेगळंच. आणि वहीत लिहितो न लिहितो तोच भळकन उलटी.

नऊला पुढचं फीड लावायचं. मधल्या वेळात बायकोने पंपाने दूध काढायचं, बाटल्या उकळायच्या, औषधं द्यायची, स्वतः काहीतरी गिळायचं. एका रात्री अडीच वाजता ती पंप मांडीत ठेवून म्हणाली, “अहो, ही मला बघून तोंड फिरवते. मी दिसले की तिला वाटतं आता छळणार.” मी म्हणालो, तसं काही नसतं. पण तसंच होतं. मी उचललं की शांत, आईने घेतलं की रड.

मग आम्ही ते सगळं केलं जे करू नये. गाल दाबून पाजलं. अर्धवट झोपेत बाटली सरकवली. आत्याने दिलेलं चांदीचं बोंडलं काढलं आणि जिभेवर मागच्या बाजूला दूध सोडलं. त्याने तर जीवच घाबरा झाला.

आणि वजन. बाळाचा डिजिटल काटा मी ऑनलाइन मागवला, दहा ग्रॅम लीस्ट काउंटचा, म्हणजे दहा ग्रॅमचाही फरक दाखवणारा. रोज सकाळी सातला, आंघोळीआधी, अंगावर काही न ठेवता वजन. ३.९४, ३.९६, ३.९५, ३.९९. दहा ग्रॅम वाढले की घरात शिरा व्हायचा, दहा कमी झाले की कोणी कोणाशी बोलायचं नाही. बाळाचं वजन या वयात दिवसाला साधारण पंधरा ग्रॅमने वाढायला हवं, आमचं आठवड्याला तीस. तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी काट्यावर ३.९६ दिसलं, आदल्या दिवशी ४.०२ होतं. एका रात्रीत साठ ग्रॅम गायब. बायको ओट्याला टेकून रडायला लागली आणि मी बूट घालता घालता काढून ठेवले. कंपनीला फोन केला, येत नाही.

मग दहा वाजता डोक्यात प्रकाश पडला, की अरे, आपण काय करतो पोटासाठी? कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेलो आणि त्याचं पाच किलोचं लोखंडी वजन मागितलं. वजनमापे खात्याचा शिक्का असलेलं. तो म्हणाला, “साहेब, माझं वजन खोटं वाटतंय का?” म्हटलं, बाबा, तुझं खरं आहे म्हणूनच हवंय. घरी काट्याच्या मधोमध ठेवलं: ५.०१. डाव्या कडेला सरकवलं: ४.९५. पायांच्या बाजूला: ५.०३. तीन वेळा उचलून ठेवलं, तीन वेळा वेगळा आकडा. काटा फरशीच्या सांध्यावर ठेवलेला होता आणि एक पाय किंचित अधांतरी. साठ ग्रॅम पोरीचे गेलेच नव्हते. चार वर्षं ज्या गोष्टीसाठी पगार घेतोय ती, उपकरण आधी तपासा मग माप घ्या, मी घरात एकदाही केली नव्हती.

काटा सपाट जागी, तिथे खडूने खुणा, आणि वजन आठवड्यातून एकदाच, हा नियम त्या दिवशी झाला. डॉक्टरांनी तो पहिल्या दिवशीच सांगितला होता, हेही कबूल करतो. बाहेरच्या काट्यांशी तुलना बंद. अंगणवाडीतल्या लटकत्या काट्याची एक रेघच शंभर ग्रॅमची, त्यावर आमची आठवड्याची कमाई दिसणारच नव्हती. पण काटा सुधारून वजन थोडंच वाढतं? चार आठवड्यांत खरी वाढ शंभर ग्रॅमच्या आसपास. तेव्हाच मी तो गाढवपणा केला. एक चमचा पावडरीऐवजी दीड. घट्ट केलं की कमी प्यायली तरी कॅलरी जास्त, असा शहाणा हिशेब. दोन दिवसांत पोट फुगलं, शी खड्यासारखी झाली, पोरगी लाल होईस्तोवर कुंथायची. आहारतज्ज्ञ बाई फोनवर नेमक्या शब्दांत बोलल्या. ते शब्द लिहीत नाही, पण पावडर आपल्या मनाने कोणी वाढवू नये एवढं सांगतो. त्या छोट्या मूत्रपिंडांना तेवढा भार झेपत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी गव्हाची कामं उरकून आई आली, सिन्नरहून. ऑपरेशनच्या वेळी ती मुंबईला येऊन गेली होती, पण घरी राहायला पहिल्यांदाच. आल्या आल्या हातपाय धुऊन पोरीजवळ बसली. छकुली रडत होती. आई जरा वेळ नुसती ऐकत राहिली.

“अरे, हिचा आवाज कुठं गेला?”

म्हटलं, ऑपरेशनला घशात नळी असते, त्याने बसतो, वॉर्डात सांगितलंय, भरून येईल.

“किती दिवस झाले ऑपरेशनला?”

“होतील दीड महिना.”

“दीड महिना घसा बसतो का कुणाचा? जत्रेत ओरडून माझा बसला तरी आठ दिवसांत सुटतो.”

मी हो हो केलं. माझ्या डोक्यात ग्रॅम होते. संध्याकाळच्या फीडला आई समोर बसली. ठसका लागला तसं तिने बायकोच्या हातातली बाटली काढूनच घेतली. “थांब गं. आपल्याकडं वासरू आजारी पडलं आणि नळ्यानं दूध ओतलं, मान वर करून, की असंच करतं. घुरघुरतं आणि ठसकतं. दूध श्वासात जातं. माणसं म्हणतात वासरू खात नाही. ते कसं खाईल, त्याला जीव घाबरतोय.”

बायको बघतच राहिली. मी म्हणालो, आई, हे वासरू नाही. चार दिवस मी तसाच बसलो. मार्च लागत होता, द्राक्षांचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले होते, आमची टार्गेटं होती. चौथ्या रात्री झोप येईना म्हणून मोबाईलमध्ये जुने व्हिडिओ बघत पडलो. डिसेंबरातला एक होता, अंगडं घालताना रडतेय. हृदय तेव्हा बिघडलेलं, अंगात पाणी, पण रडणं खणखणीत, शेवटाला एक तार सप्तकातली तान. त्याखालचा दोन दिवसांपूर्वीचा लावला. तोंड तेवढंच उघडलेलं, चेहरा तेवढाच लाल, आणि आवाज मांजरीच्या पिल्लाला फडक्यात गुंडाळल्यासारखा. दोन्ही आळीपाळीने पाच-सहा वेळा लावले. बायकोही उठून बसली. दोघंही काही बोललो नाही.

सकाळी आमच्या बालरोगतज्ज्ञांना दोन्ही व्हिडिओ ऐकवले. त्यांनी लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. शरणपूर रोडला दुपारी नंबर लागला. नाकातून शेवईएवढी दुर्बीण आत घातली, बायकोने डोकं धरलं, मी पाय. पडद्यावर गुलाबी चिखलात दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. रडताना उजवी मध्ये यायची, मागे जायची. डावी जागची हलत नव्हती.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. स्वरयंत्राच्या डाव्या पट्टीला हलवणारी नस डोक्याकडून निघते, पण घशाशी थांबत नाही. सरळ छातीत उतरते, महाधमनीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर घशाकडे येते. हा वळसा नेमका त्या बांधलेल्या वाहिनीला लागून. सीबीएसहून नाशकातल्याच द्वारका चौकात जायचं तर आधी इगतपुरी गाठून परत फिरायचं, असला तो मार्ग. वाहिनी बांधताना ही नस ताणली किंवा दुखावली जाऊ शकते. गिळताना दोन्ही पट्ट्या मिटून श्वासाचं दार बंद करतात. आमच्या घरी दाराचं एक फळकूट उघडंच राहत होतं आणि त्यातून दर फीडला थोडं थोडं पातळ दूध श्वासनळीत उतरत होतं. पोरगी चार घोट पिऊन तोंड मिटायची ते हट्टाने नव्हतंच.

पुढच्या आठवड्यात सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून मुंबईला गेलो. तिथे गिळतानाचा एक्स-रे काढतात, दुधात बेरियम मिसळून, पडद्यावर चालू. काळी धार खाली जाताना दिसते. तिसऱ्या घोटाला एक बारीक काळा ओघळ पुढच्या नळीत गेलेला मी स्वतः पाहिला. तेव्हा ठसका लागला. पुढे अजून एकदा गेला, तेव्हा लागलाच नाही. ठसका न लागता जातं ते जास्त वाईट, असं तिथल्या गिळण्याच्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, कारण घरच्यांना पत्ताच लागत नाही.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाही भेटलो. त्यांनी लपवाछपवी केली नाही. हा माहितीतला धोका आहे, बहुतेकदा नस नुसती ताणलेली असते, काही महिन्यांत सुधारते, कधी कधी नाही. संमतीपत्रात ते लिहिलेलंही होतं, खाली माझी सही. माझा राग वेगळ्यासाठी होता आणि अजून आहे. डिस्चार्जच्या चार पानांत पॅच, इको, औषधं, टाके सगळं होतं. रडण्याचा आवाज बारीक राहिला किंवा पिताना ठसका लागला तर दाखवा, ही एक ओळ नव्हती. दोन फॉलोअपना पोरीचं वजन केलं, छाती ऐकली. दोन्ही वेळा ती रडली, आणि तो आवाज कोणी ऐकला नाही. बापानेही नाही, म्हणून फार बोलत नाही.

उपाय म्हणून नाकातून नळी सांगितली तेव्हा बायकोने साफ नाही म्हटलं. नळी म्हणजे पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा मागे. थेरपिस्ट बाईंनी तिला वाद न घालता विचारलं, “शेवटचं तुम्ही तिला मांडीवर घेऊन नुसतं बसलात कधी? पाजायचं नाही, काही नाही.” बायकोला आठवेना. त्यावर ती ‘घाला’ म्हणाली.

नळी घालायला नाही, पण ती जागेवर आहे का हे बघायला आम्ही दोघं शिकलो. नाकाशी नळीवर खूण असते, ती सरकलेली नाही ना बघायचं. सिरिंजने थोडं ओढून पट्टीवर थेंब टाकायचा, आम्लाचा रंग आला तरच पुढे. शंका असेल तर एक थेंबही सोडायचा नाही. मग दट्ट्या काढलेली सिरिंज जोडून हातात धरायची आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं, वीस-पंचवीस मिनिटं. ढकलायचं नाही. शेवटी थोडं पाणी. हे काम माझ्या हाताला बसलं. पट्टीचा रंग तक्त्याशी ताडून बघणं तर माझ्या धंद्यातलंच. दूध उतरत असताना तोंडात कोरडी चोखणी द्यायची, म्हणजे चोखणं आणि पोट भरणं यांचं नातं तिच्या डोक्यातून पुसलं जात नाही. तोंडाने दिवसातून दोनदाच, चमच्याच्या टोकावर, थेरपिस्टनी ठरवून दिलं तेवढं घट्ट, कुशीवर धरून, तिने तोंड उघडलं तर. नाही उघडलं तर राहिलं. गालाला चिकटपट्टीने लाल चट्टा पडायचा, आठवड्यातून एकदा तरी ती बोट अडकवून नळी उपटायची आणि रात्री अकराला आम्ही रिक्षाने दवाखान्यात.

पण पहिल्याच आठवड्यात १६० ग्रॅम. पुढच्यात १५०. वहीत मी ते आकडे दोनदा गिरवले. बायको सलग चार तास झोपली, काही दिवसांनी पाच. आणि दहा-बारा दिवसांनी कधीतरी मी कामावरून आलो तर छकुली तिच्या आईच्या खांद्यावर, नाकात नळी, आणि आईच्या मंगळसूत्राच्या वाट्या तोंडात घालून चोखतेय. आई जवळ आली की आता तोंड फिरत नव्हतं.

अक्षय्य तृतीयेला उष्टावण केलं. मुलीचं विषम महिन्यात करतात म्हणून आईने हिशेब घातला, आठ पूर्ण, नववा लागला, चालतंय. वजन ५.२६. थेरपिस्टना आधी विचारलं होतं. अशा बाळांना पाण्यासारखं पातळ अवघड जातं, घट्ट त्यापेक्षा सोपं, कारण ते सावकाश सरकतं. आईने सिन्नरहून आणलेली नाचणी भिजवून, मोड आणून, वस्त्रगाळ करून सत्त्व काढलेलं. पळीवरून पडताना तुटेल इतकं घट्ट शिजवलं. मामाने अंगठी बुडवून ओठांना लावली. पोरीने जीभ बाहेर काढली, चाटली, कपाळाला आठी घातली. आम्ही सगळे श्वास धरून, ठसक्याची वाट बघत. आला नाही. तिने मामाचं बोटच ओढून घेतलं. फोटो पाहून एका नातेवाइकांनी सुचवलं, एवढी नळी काढून एडिट करून पाठवा, छान दिसेल. बायकोने तोच फोटो, नळीसकट, मोठा करून कपाटाला लावला.

नळी जूनमध्ये निघाली, दुसऱ्या एक्स-रेत काळी धार सरळ खाली उतरली तेव्हा. डावी पट्टी पूर्ण नाही, पण हलायला लागली होती, आणि उजवी पलीकडे जाऊन तिला भेटायला शिकली होती. आवाज त्याच्याही आधीपासून हळूहळू परत येत होता. आम्ही रोज ऐकत असल्याने आम्हाला कळलं नाही. पलीकडच्या फ्लॅटमधल्या काकू जिन्यात म्हणाल्या, “रात्री फार रडते हो तुमची, दात येतायत का?” बायकोने आत येऊन मला सांगितलं आणि तोंडाला पदर लावून हसत बसली.

जुलैत, गोदेला पहिलं पाणी येऊन गेलं त्या आठवड्यात, अंगणवाडीत वजनाला नेली. घरी ६.८२ लिहून गेलो होतो. सेविका ताईंनी झोळीत ठेवून काट्याला लटकवलं आणि छकुलीने जो सूर लावला की शेजारच्या खोलीतली पोरं दारात जमा झाली. पाय झाडतेय, झोळी गरगर फिरतेय, काटा साडेसहा ते सव्वासातच्या मध्ये नाचतोय. ताई म्हणाल्या, “अहो, जरा शांत करा ना, आकडाच दिसत नाहीये.”

मी म्हटलं, राहू द्या ताई, थोडा वेळ.